अंगठा, प्लग आणि काळी भुकटी

तक्रार एका ओळीची. रोह्याला टाकी फुल केली की लगेचच्या सेल्फला गाडी कुंथते, ॲक्सिलरेटर दाबून धरला तरच उठते. एरवी शहाणी. पेणला हायवेलगतच्या एका गॅरेजात तिचं निदान होताना पाहिलं, आणि ते नीट वाचण्यासारखं वाटलं.

मिस्त्रींनी बॉनेट उघडण्याआधी विचारलं, “शेट, पेट्रोल भरल्यावरच ना? अर्ध्या टाकीला कधीच नाही?” अर्धं निदान या प्रश्नातच झालं होतं. टाकीत पेट्रोल पडताना आतली वाफ बाहेर ढकलली जाते. ती हवेत जाऊ नये म्हणून सक्रिय कोळशाचा कॅनिस्टर ती शोषून धरतो, आणि पुढे गाडी चालताना पर्ज व्हॉल्व्ह उघडून इंजिन ती जाळतं. हा व्हॉल्व्ह उघडाच राहिला, तर भरताना निघालेली वाफ सेल्फच्या वेळीच इंजिनात शिरते आणि मिश्रण जड होतं.

स्कॅनरवर पी ०४४१ आला : पर्जचा प्रवाह चुकीचा. इथे घाईचा फिटर टाकीचं झाकण बदलतो. मिस्त्रींनी झाकणाकडे पाहिलंही नाही. सैल झाकणातून वाफ बाहेर जाते, त्याने सेल्फ कशाला अडेल?

त्यांनी इंजिन आयडलवर ठेवलं, कॅनिस्टरकडून येणारा पाइप व्हॉल्व्हवरून काढला आणि उघड्या तोंडावर अंगठा ठेवला. ओढ होती. आम्हाला वाटलं, सापडलं! पण गाडी भिसे खिंड चढून, नागोठणे-वडखळमार्गे तापून आलेली. तापल्या इंजिनात कॉम्प्युटर स्वतःच व्हॉल्व्ह उघडतो, म्हणजे ही ओढ रास्तही असू शकते. मिस्त्रींनी अंगठा न हलवता दुसऱ्या हाताने व्हॉल्व्हचा प्लग उपटला. करंट गेला की हा व्हॉल्व्ह बंदच व्हायला हवा. ओढ तशीच राहिली. कॉम्प्युटर निर्दोष, वायरिंग निर्दोष, व्हॉल्व्ह अडकलेला. पेणच्या कारखान्यांत मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा हात जसा एका रेघेत काम संपवतो, तशी ही प्लगची हालचाल. मला सगळ्यात आवडली ती हीच.

सामान्य कारागीर इथे थांबला असता. यांनी व्हॉल्व्ह काढून तळहातावर आपटला. काळी भुकटी पडली, कॅनिस्टरमधल्या कोळशाची. मग दुसरा प्रश्न : “पंपावर राउंड फिगर करायला लावता का?”

मालक हसले. नोझल आपोआप बंद झाल्यावरही वर दोन-तीनदा दाबून भरलेलं पेट्रोल द्रवरूपातच कॅनिस्टरमध्ये जातं, कोळसा भिजून खराब होतो आणि त्याचे कण व्हॉल्व्हपर्यंत पोचतात. नुसता व्हॉल्व्ह बदलला असता, तर नवाही असाच अडकला असता. म्हणून दोन्ही बदलले. मोठी पावती, पण योग्य.

तेव्हा पंपावर नोझल एकदा ‘टक्’ झालं की थांबा. आकडा चौऱ्याण्णव पैशांवर राहिला तरी राहू द्या.