सेनापतीस सांगितलेल्या दहा गोष्टी

इस्लामच्या आरंभकाळातील युद्धनीतीची चर्चा निघाली की एका प्रसंगाचा उल्लेख हटकून होतो. इ. स. ६३२ ते ६३४ या काळात खलीफा असलेल्या अबू बक्र यांनी सीरियाकडे सैन्ये धाडली. एका तुकडीचा नायक यझीद इब्न अबी सुफ्यान (करबलेच्या कथेतील यझीदाचा हा चुलता) स्वार होऊन निघाला होता, आणि वृद्ध खलीफा त्याच्यासोबत पायी चालत होते. नायकाला संकोच वाटला. पण खलीफा स्वार झाले नाहीत, आणि त्यांनी त्यालाही उतरू दिले नाही. चालता चालता त्यांनी त्याला दहा गोष्टी सांगितल्या : स्त्री, मूल व जराजर्जर माणूस यांस मारू नये, फळझाड तोडू नये, नांदती वस्ती उजाड करू नये, खाण्यापुरते सोडून मेंढी वा उंट कापू नये, लुटीत चोरी करू नये, भ्याडपणा करू नये, इत्यादि. मठात ईश्वरचिंतन करीत बसलेल्यांच्या वाटेस जाऊ नये, हेही त्यांनी बजावले.

मदीनेचे धर्मशास्त्री मालिक (मृत्यू ७९५) यांच्या 'मुवत्ता' ग्रंथात ही हकीकत आहे. तीतील साधेपणा मनाला भिडतो. येथे तत्त्वचर्चा नाही. मेंढी, झाड, म्हातारा अशी डोळ्यांसमोर उभी राहणारी नावे आहेत. युद्धात प्रथम बळी पडतात ती हीच.

परंतु गौरव करणाऱ्यांनी ती सबंध वाचावयास हवी. मठवासीयांना अभय देणाऱ्या त्याच उपदेशात, डोक्याचा मध्यभाग मुंडन केलेल्यांवर तलवार चालविण्याची आज्ञाही आहे. ते लढाईत भाग घेणारे होते, असे भाष्यकार सांगतात. सोयीस्कर उताऱ्यांतून हे वाक्य बहुधा गळते. शिवाय मालिकांना ही हकीकत सांगणारा यह्या इब्न सईद अबू बक्र यांच्या काळचा नव्हे, आणि तबरीच्या इतिहासात असाच उपदेश उसामाच्या सैन्याला केलेला आढळतो. तेव्हा प्रत्येक शब्द अबू बक्र यांचाच, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

याहून बिकट प्रश्न झाडांचा. इ. स. ६२५ मध्ये बनू नदीर या ज्यू टोळीच्या वेढ्यात खजुरीची झाडे तोडली गेली होती, आणि कुराणाने त्या कृत्याचे समर्थन केले आहे. मग अबू बक्र यांची मनाई कशी समजावयाची? बैरूतचे अवझाई (मृत्यू ७७४) यांनी ती प्रमाण मानून झाडतोड निषिद्ध ठरविली. उलट शाफिई (मृत्यू ८२०) यांचे म्हणणे असे की, सीरिया आपल्याच हाती येणार हे खलीफांना ठाऊक होते, म्हणून त्यांनी झाडे राखली. एकाने तीत धर्माज्ञा पाहिली, दुसऱ्याने मालकाची दूरदृष्टी.

मला अवझाईंचा पक्ष अधिक मोलाचा वाटतो. उद्या जे आपले होणार ते राखणे हा व्यवहार झाला. त्याला नीती म्हणावयाचे तर जे कधीच आपले होणार नाही तेही राखले पाहिजे. शाफिईंचे स्पष्टीकरण झाडांना लागू पडेल. लढण्याचे बळ न उरलेल्या म्हाताऱ्याला जीवदान देण्यात कोणता लाभ? तेथे हिशेब संपतो. त्या उपदेशाप्रमाणे सैन्ये सदैव वागली असे कोणीही म्हणणार नाही. पण ती जेथे वागली नाहीत, तेथे त्यांना दोष देण्याचे माप त्यांच्याच परंपरेने आपल्या हाती ठेवले आहे, आणि हे थोडे नव्हे.