बिरुद आणि खापर

गावाचा आणि प्रदेशाचा गौरव करणाऱ्या लेखनाची मराठीत वाण नाही. स्मरणिका, गौरवग्रंथ, संमेलनांच्या स्वागताध्यक्षांची भाषणे ह्या सर्वांतून ते आपल्याला वारंवार भेटते. 'प्राचीन', 'वैभवशाली', 'पावन' ही त्याची ठरलेली विशेषणे. अशा लेखनाची समीक्षा मात्र क्वचितच होते. कारण गौरवाला प्रश्न विचारणे म्हणजे कृतघ्नपणा, असा एक समज आपल्या मनात घर करून बसला आहे. आम्हांला हा समज घातक वाटतो. संस्कृती वेगाने बदलत असताना वारसा टिकवायचा असेल, तर आपला अभिमान कशाचा बनलेला आहे हे आधी तपासले पाहिजे. ह्या तपासणीसाठी आम्ही मराठवाड्यातील एक गाव निवडले आहे. ते म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील, तेरणेच्या काठचे तेर. ह्या एका गावाविषयी दोन हजार वर्षांत जे लिहिले, कोरले आणि सांगितले गेले, त्यात अभिमानाचे जवळजवळ सर्व प्रकार सापडतात.

तेरचा सर्वांत प्रसिद्ध उल्लेख मुळात गौरवाचा नाहीच. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीकभाषी लेखकाने 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रिअन सी' हे समुद्रव्यापाराचे माहितीपुस्तक लिहिले. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाचे फार मोठे नगर आहे, असे तो नोंदवतो. तगरहून साधे जाडेभरडे कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि समुद्राकाठच्या प्रदेशांतून तेथे येणारा इतर माल गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या लांबलचक मुलखातून भडोचला नेला जाई. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीनेही तगरची नोंद घेतली आहे. पेरिप्लसच्या लेखकाला तगरचा अभिमान असण्याचे कारण नव्हते. त्याला फक्त कोणता माल कोठून येतो आणि किती दिवसांनी पोहोचतो हे सांगायचे होते. तरीही तेरविषयी अभिमानाने बोलणारा प्रत्येक जण आज त्याचाच आधार घेतो. काळाच्या ओघात विशेषणापेक्षा नोंद अधिक टिकते, याचा हा पहिला दाखला.

याउलट प्रकार शिलाहारांच्या ताम्रपटांत दिसतो. शिलाहारांच्या शाखा उत्तर कोकण, दक्षिण कोकण आणि कोल्हापूर ह्या प्रदेशांत नांदल्या. त्यांच्या लेखांत 'तगरपुरपरमेश्वर', 'तगरपुरवराधीश्वर' अशी बिरुदे येतात. उत्तर कोकणाच्या शिलाहारांची सत्ता ठाण्याच्या परिसरात होती. म्हणजे ज्या किनारपट्टीवर आमच्या अनेक वाचकांची घरे आहेत, तेथूनच तगरचे स्वामी म्हणून स्वतःचा उल्लेख करणारे राजे राज्य करीत होते. प्रत्यक्षात तेर त्यांच्या राज्यात मोडत नव्हते. आपल्या पूर्वजांचे मूळ गाव तगर, एवढीच ती आठवण असावी, असे अभ्यासक मानतात. ही त्या काळातील प्रशस्तिलेखनाची रूढीही होती. सौंदत्तीचे रट्ट स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर', म्हणजे लातूरचे स्वामी म्हणवीत, तर देवगिरीच्या यादवांनी थेट द्वारावतीशी नाते जोडले. हे सारे खोटे होते असे आम्ही म्हणत नाही. मुळापासून दूर गेलेल्या माणसाला मुळाचे नाव जपावेसे वाटते, ही भावना खरीच आहे. प्रश्न इतकाच, की ह्या बिरुदांतून तगरविषयी आपल्याला काय कळते? तेथील कापड, घाट, माणसे, देवळे यांपैकी काहीच नाही. बिरुद धारण करणाऱ्याविषयी सांगते. ज्या स्थळाचे ते असते त्या स्थळाविषयी ते मुके असते.

प्रत्यक्ष गावाने आपले नाव कसे राखले, हे पाहण्यासारखे आहे. ताम्रपटावर कोरलेले 'तगरपुर' लोकांच्या विस्मरणात गेले. तगर म्हणजे नेमके कोणते गाव यावर एकोणिसाव्या शतकात विद्वानांचे वाद झाले. कोणी देवगिरी म्हटले, कोणी जुन्नर. अखेर १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर हे समीकरण मांडले. त्याला एक आधार खुद्द भाषेनेच दिला. प्राकृतात शब्दाच्या मधला 'ग' गळतो आणि 'तगर'चे 'तयर', 'तयर'चे 'तेर' होते. हा बदल कोणत्याही राजाज्ञेने घडलेला नाही. तो शेतकऱ्यांच्या, गाडीवानांच्या आणि बाजारकरणींच्या जिभेवर घडला. नाव झिजले म्हणूनच टिकले, कारण ते रोजच्या वापरात होते. आपल्या काळातही नावांची उलथापालथ होते. निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावाने ओळखला जाणारा हा जिल्हा २०२३ साली अधिकृतपणे 'धाराशिव' झाला. नावाच्या पाटीमागे लोकभावना असते आणि ती समजून घेतली पाहिजे. पण नवी पाटी लावल्याने जुनी वीट वाचत नाही, हेही तितकेच खरे.

विटेचा विषय निघालाच आहे, तर तेरच्या त्रिविक्रम मंदिराकडे वळू. हत्तीच्या पाठीसारखे गोलाकार मागचे अंग असलेली ही विटांची वास्तू. विसाव्या शतकाच्या आरंभी हेन्री कझेन्स यांनी तिची पाहणी केली आणि हे मुळात बौद्ध चैत्यगृह असावे, असे मत मांडले. आंध्रातील चेझर्ला येथील कपोतेश्वर मंदिराचीही घडण अशीच आहे. उपासक बदलले, उपास्य बदलले, पुढे मंडप जोडला गेला. वास्तू मात्र उभी राहिली. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्याला ही गोष्ट अडचणीची वाटेल. आम्हांला तीत एक शहाणपण दिसते. ही इमारत कोणाच्याच उपयोगाची राहिली नसती, तर तिच्या विटा केव्हाच घरांच्या भिंतींत गेल्या असत्या. नव्या पिढीने ती आपली मानली, म्हणून ती आज आपल्याला पाहता येते. तेरमध्ये उत्तरेश्वराचे विटांचे मंदिर आहे, जैनांचेही पुरातन तीर्थ आहे. मुनी कनकामर यांच्या 'करकंडचरिउ' ह्या अपभ्रंश काव्यात धाराशिवच्या लेण्यांच्या संदर्भात तेरापूर येते. तेव्हा तेरचा वारसा कोणा एकाचा, असे म्हणू पाहणाऱ्याला पहिला विरोध तेरच्या विटाच करतील.

तरीही महाराष्ट्राच्या मनात तेर म्हणजे प्रथम गोरोबाकाकांचे गाव. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या ह्या समकालीन कुंभार संताची समाधी तेथे आहे आणि चैत्र वद्यात तेथे यात्रा भरते. त्यांचे मोजकेच अभंग आज उपलब्ध आहेत. लोकस्मृतीत राहिल्या त्या त्यांच्या कथा. भजनाच्या तंद्रीत चिखल तुडवताना पायाखाली आलेल्या मुलाची कथा रंगभूमीने आणि चित्रपटाने पुनःपुन्हा सांगितली. तिच्यातील करुणा आणि चमत्कार प्रेक्षकाला हेलावून सोडतात. दुसरी कथा तुलनेने मागे पडली. आमच्या मते वारशाच्या विचारासाठी तीच अधिक महत्त्वाची आहे. संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईने गोरोबांना विचारले, की ह्यांत भाजलेले मडके कोणते आणि कच्चे कोणते? गोरोबांनी आपले थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर ठोकून पाहिले. नामदेवांना ते सहन झाले नाही आणि गोरोबांनी त्यांना कच्चे ठरवले. पुढे नामदेव विसोबा खेचरांकडे गेले, अशी परंपरा सांगते.

ही कथा आम्ही टीकेच्या स्वरूपाविषयीची कथा म्हणून वाचतो. कुंभार मडके फोडण्यासाठी ठोकत नाही. ते बाजारात नेण्याजोगे आहे की नाही हे त्याला कळायला हवे असते. कच्च्या मडक्याचा तो तिरस्कारही करीत नाही. त्याला अजून आव्याची आच हवी, एवढेच सांगतो. आणि विशेष हे, की ज्याला ठोकल्याचा राग आला, तोच पुढे अखिल भारतात पूजला गेला. प्रादेशिक अभिमानालाही हाच न्याय लावला पाहिजे. प्रश्न विचारताच जो अभिमान दुखावतो, तो अजून भाजायचा आहे.

ठोकून पाहण्याचे हे काम आपल्या काळात तेरमध्ये ज्यांनी केले, त्यांत रामलिंगप्पा लामतुरे यांचे नाव अग्रभागी येते. पुरातत्त्वाची पदवी नसलेल्या ह्या तेरच्याच रहिवाशाने गावाच्या पांढरीतून वर येणारी खापरे, मणी, नाणी, मातीच्या मूर्ती आयुष्यभर जमवल्या. इतरांना जो केरकचरा वाटत होता, तो त्यांनी पुरावा म्हणून राखला. त्यांच्या संग्रहातूनच तेरचे शासकीय संग्रहालय उभे राहिले आणि ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १९५८ साली बा. ना. चापेकर यांनी तेर येथे उत्खनन केले आणि १९६९ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. थर, मोजमापे, खापरांचे प्रकार असे त्यातील लेखन कोरडे आहे. परंतु पेरिप्लसच्या नोंदीशी त्याचे नाते आहे. दोघांनाही गौरव करायचा नव्हता आणि दोघांमुळेच गौरवाला आधार मिळाला. दैवाचा खेळ असा, की ज्या मलमलीसाठी तगर प्रसिद्ध होते तिचा धागाही आपल्या हाती नाही. ज्याची कोणी नोंद केली नाही त्या कुंभाराचे काम मात्र संग्रहालयाच्या कपाटांत भरून आहे.

ह्याच संग्रहालयातील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे उदाहरण घेऊ. १९३८ साली इटलीतील पाँपेई येथे एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या नगरात ती पोहोचली होती. तेरची मूर्ती तिच्याशी साम्य दाखवते. जालना जिल्ह्यातील भोकरदन येथेही त्याच वळणाची मूर्ती मिळाली आहे. यावरून 'तेरची लक्ष्मी रोमला गेली' असे वाक्य भाषणांत सहज येते. पुरावा मात्र इतकेच सांगतो, की ही कला दख्खनमध्ये अवगत होती आणि पाँपेईची मूर्ती येथून गेली असण्याची शक्यता आहे. त्या मूर्तीवर खरोष्ठी अक्षराची खूण असल्याने वायव्येकडेही बोट दाखवले जाते. शिवाय ती लक्ष्मीच आहे असेही आता मानले जात नाही. ही मर्यादा सांगितल्याने तेरचे काही उणे होते काय? आम्हांला तसे वाटत नाही. शक्यता म्हणून मांडलेली गोष्ट कोणालाही ठोकून पाहता येते. निश्चिती म्हणून मिरवलेली गोष्ट पहिल्याच जाणत्या पाहुण्यापुढे तडकते.

यावर एक गंभीर आक्षेप येईल. ज्यांना रोजच्या पाण्याची आणि रोजगाराची चिंता, त्यांनी खापरे जपावीत असे सांगणारे आपण कोण? ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात ह्याच टापूतील दगडमातीच्या जाड भिंतींनी हजारोंचे प्राण घेतले. त्यानंतर लोकांनी जुन्या बांधणीकडे पाठ फिरवली, ती न्याय्यच होती. वारशाच्या नावाने कोणालाही धोक्याच्या छपराखाली राहायला सांगता येणार नाही. बदल नाकारणे म्हणजे जतन नव्हे, हे त्रिविक्रमाच्या मंदिरानेच शिकवले आहे. परंतु जे सोडायचे ते ओळखून, नोंदवून सोडणे आणि नकळत गमावणे यांत अंतर आहे.

हे अंतर आमच्या समाजालाही जवळून लागू पडते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ आमचा मानबिंदू आहे असे आम्ही प्रत्येक व्यासपीठावरून सांगतो. १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत त्याच्या आवृत्त्या सिद्ध केल्या, त्या परिश्रमांमुळे तो आज वाचता येतो. पण तो वाचतो कोण? ज्याच्या ओव्या गाऊन ऐकवल्या जात, तो ग्रंथ आता बहुधा केवळ नावाने घेतला जातो. वसईची कादोडी बोली, लुगडे नेसण्याची रीत, लग्नातील गाणी यांचेही तेच होत आहे. वर्षातून एक दिवस पारंपरिक पोशाख करून छायाचित्रे काढली की अभिमानाचे कर्तव्य पुरे झाले, असे मानले जाते. हे आमचे 'तगरपुरपरमेश्वर' होय; ज्या नगरात आपण जात नाही, त्याचे स्वामित्व आपण मिरवतो.

यावर उपाय भव्य नाही. प्रत्येक धर्मग्रामात एका व्यक्तीने तरी लामतुरे व्हावे. आजीच्या तोंडचे शब्द अर्थासह वहीत उतरवावेत. गाण्याबरोबर ते कोणी, केव्हा आणि कोणत्या विधीला म्हटले याची नोंद करावी. जुन्या छायाचित्रांमागे नावे लिहावीत. 'क्रिस्तपुराणा'चा एक अवस्वरू एका हिवाळ्यात चारचौघांनी मिळून मोठ्याने वाचावा आणि अडलेला शब्द अडला म्हणून लिहून ठेवावा. ह्या वह्या आमच्याकडे आल्या, तर ह्या पानांवर त्यांना जागा मिळेल. त्यांत चुका असतील, परस्परविरोधी माहितीही असेल. त्याची भीती नको. ठोकून पाहायला आधी मडके तरी हाती हवे.