पेरिपाटेटिक आणि परिव्राजक

ॲरिस्टॉटलच्या अनुयायांना ‘पेरिपाटेटिक’ म्हणतात. या शब्दास ‘परिव्राजक’ हा प्रतिशब्द सहज सुचतो. ग्रीक ‘पेरि’ व आपला ‘परि’ सगोत्रही आहेत. परंतु त्याने अर्थाची दिशाच पालटते. परिव्राजक घर सोडून निघतो, ॲरिस्टॉटलने इ. स. पू. ३३५ च्या सुमारास अथेन्समधील लायसियम येथे आपली पाठशाला मांडली, ती एका जागी स्थिर राहून अध्ययन व्हावे म्हणून. ‘पेरिपाटोस’ म्हणजे फेरफटका, तसेच फेरफटक्याची जागाही. गुरू चालत चालत शिकवीत, ही कथा डायोजिनीस लेर्शियसने नोंदविली आहे खरी. पण त्याच्याच ग्रंथात थिओफ्रास्टसचे मृत्युपत्र आहे, आणि त्यात उद्यान, पेरिपाटोस व लगतची घरे मित्रांच्या हवाली केलेली आहेत. पायांची सवय कोणी मृत्युपत्राने देत नाही! तेव्हा संप्रदायाचे नाव चालण्यापेक्षा त्या वास्तूवरून पडले असावे, हेच मला सयुक्तिक वाटते. भटकेपणाची छटा इंग्रजीत पुढे रूढ झाली आणि तीच आपण निःशंकपणे उचलतो. नेमका शब्द हवा असेल तर तो बौद्ध वाङ्मयात आहे : ‘चंक्रम’. येरझारा आणि येरझारांसाठी राखलेली वाट, दोन्ही त्या एकाच शब्दात. बुद्धगयेस महाबोधी मंदिराच्या उत्तरेकडील रत्नचंक्रम आजही दाखवितात.