तिखूर, तवकीर आणि आपल्या वनस्पतिसूची

खेड्यातील आर्द्रककुलीन वनस्पतींविषयीच्या लेखनाचा साचा बहुधा ठरलेला असतो: एक शास्त्रीय नाव, एक स्थानिक नाव व एक उपयोग. अशा सूचींचे मोल नाकारण्याचा येथे हेतू नाही. परंतु चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशातील तिखुराचा विचार करता हा साचा अपुरा ठरतो.

तिखूर म्हणजे कर्क्युमा अँगुस्टिफोलिया, हळदीच्या गोत्रातील रानवनस्पती. तिचे कंद सोलून, किसून पाण्यात कालवतात. तळाशी बसलेला साका वारंवार धुऊन उन्हात वाळवतात. हे पीठ उपवासाला व आजाऱ्याच्या पेजेला उपयोगी पडते. मराठीत त्याला तवकीर म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘त्वक्क्षीरी’पासून आल्याचे मानले जाते, पण त्वक्क्षीरी म्हणजे बांबूच्या पेरात सापडणारे वंशलोचन. पुढे अमेरिकेतून आलेल्या, निराळ्या कुलातील आरारूटलाही तेच नाव मिळाले. तेव्हा नमुना न जपता केवळ ‘तवकीर’ अशी केलेली नोंद पिठाची होय, वनस्पतीची नव्हे.

दुसरा दोष ऋतूचा. तिखुराचा फुलोरा पावसाच्या तोंडावर, बहुधा पानांआधी येतो. कंद मात्र पाने वाळल्यावर, हिवाळ्यात खणतात. अभ्यासक फुलावरून ओळख पटवतो, गावकरी पानाकंदावरून. एकाच भेटीत केलेल्या सूचीत या दोन ओळखींची गाठ पडत नाही.

तिसरा दोष संदर्भग्रंथांचा. कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ (१९०१-१९०८) आपण प्रमाण मानतो. परंतु तेव्हाचा चांदा जिल्हा मध्यप्रांतात होता. कोकण-देशावरची नावे झाडीपट्टीला लावणे म्हणूनच धोक्याचे. शिवाय माडिया वा गोंडी बोलणारा माणूस मराठी प्रश्नकर्त्याला पुष्कळदा बाजारातलेच नाव सांगणार.

हा केवळ नामचर्चेचा प्रश्न नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये गावोगावी लोकांच्या नोंदवह्या व्हावयाच्या आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. अशा गावाच्या वहीत तिखुराऐवजी ‘आरारूट’ लिहिले गेले, तर रानातली वनस्पती कागदावर बागेतली ठरते, आणि तिच्यावरील गावाचा दावा तेवढाच दुबळा होतो.

म्हणून फुलोरा, पाने व कंद अशा तीन वेळी नोंद घ्यावी, नमुना जपावा आणि नाव सांगणाऱ्याच्या स्वतःच्या बोलीत लिहावे. सूची लांबण्यापेक्षा ती खरी असणे अगत्याचे आहे.