अस्सलबरहुकूम

मुल्लानपुरास रेल्वे नाही. शिवालिकच्या पायथ्याशी, शेतांच्या जागी आखलेल्या ह्या नव्या वसाहतीत रुंद रस्ते आहेत, क्रिकेटचे मोठे मैदान आहे, 2022 पासून टाटा स्मारक केंद्राचे होमी भाभा कर्करोग रुग्णालयही आहे. गाडी धरावयाची तर मात्र मोहाली किंवा चंदीगढ गाठावे लागते. तरीही गेल्या महिन्यात येथील एका मराठी बिऱ्हाडी जमलेल्या आठ-दहा मंडळींमध्ये एका इंजिनाच्या रंगावरून असा वाद माजला की, यजमानीणबाईंना चहाचे आधण दुसऱ्यांदा ठेवावे लागले.

निमित्त साधे होते. यजमानांच्या चिरंजीवांनी भिंतीवर इंग्लंडमधील ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ ह्या विख्यात इंजिनाचे मोठे छायाचित्र लावले होते. इंजिन गडद हिरवे होते. रेल्वेच्या हिशेबखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ ते पाहताच म्हणाले, “हा त्याचा रंगच नव्हे. त्याचा रंग कच्च्या सफरचंदासारखा.” चिरंजीव म्हणाले, “काका, हाच बरोबर आहे.” झाले! तेथून वाद डेक्कन क्वीनवर आला आणि मग जमलेल्यांपैकी प्रत्येकाजवळ सांगण्यासारखा एक रंग निघाला. आम्ही त्या वादात फारसे बोललो नाही. घरी परतताना मात्र वाटू लागले की, हा प्रश्न रंगाऱ्याचा कमी आणि समीक्षेचा अधिक आहे. जुन्या वस्तूला तिचे जुने रूप द्यावयाचे म्हणजे तिच्या अनेक रूपांपैकी एक निवडावयाचे आणि बाकीची झाकावयाची. ग्रंथसंपादक दुसरे काय करतो?

प्रथम ह्या इंग्रजी इंजिनाचीच हकिकत पाहू. नायजेल ग्रेस्ली ह्यांच्या आराखड्याप्रमाणे ते 1923 साली डॉनकास्टर येथे तयार झाले. 1924 च्या वेम्ब्ली प्रदर्शनात ते सफरचंदी हिरव्या रंगात, 4472 हा क्रमांक धारण करून उभे राहिले आणि लोकांच्या मनात ठसले ते त्याच वेषात. दुसऱ्या महायुद्धात त्याला काळा रंग मिळाला. पुढे रेल्वे राष्ट्राच्या मालकीची झाल्यावर त्याचा क्रमांक 60103 झाला आणि काही काळ निळ्या रंगात वावरून ते अखेर गडद हिरवे झाले. येथवर केवळ वस्त्रे बदलली असे म्हणता येईल. परंतु देहही बदलत होता. 1959 साली त्याला जोड-धुराडे बसविले गेले. त्यामुळे इंजिनाचा दम वाढला खरा, परंतु धुराचा झोत मंदावला आणि धूर खाली उतरून चालकाच्या डोळ्यांपुढे येऊ लागला. म्हणून 1961 साली बाष्पकाच्या पुढच्या टोकाशी दोन्ही बाजूंस धूर वर सारणारे उभे पत्रे लावावे लागले.

1963 साली ते सेवेतून निघाले व अ‍ॅलन पेग्लर ह्या गृहस्थांनी ते विकत घेतले. त्यांना सफरचंदी रंगच हवा होता. परंतु त्यांनी रंगाबरोबर ते धुराडे आणि ते पत्रेही काढविले. रंगास अनुरूप असा देह त्यांनी शक्य तितका परत आणला. पुढील मालकांच्या काळात ते दोन्ही भाग पुन्हा चढले. 2004 साली यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने इंजिन घेतले. त्याच्या दुरुस्तीचे काम बरीच वर्षे रेंगाळले, मध्यंतरी 2011 साली युद्धकालीन काळा रंग देऊन ते लोकांस दाखविण्यात आले आणि 2016 साली ते पुन्हा धावू लागले ते गडद हिरव्या रंगात, 60103 ह्याच क्रमांकाने. अनेक रसिकांची ह्याने निराशा झाली. लहानपणी पाहिलेले, पुस्तकांत आणि खेळण्यांच्या पेट्यांवर भेटलेले इंजिन हे नव्हे, असे त्यांस वाटले. संग्रहालयाची बाजू अशी की, ज्या अंगावर जोड-धुराडे आणि पत्रे आहेत त्या अंगास शोभणारा रंग सेवेच्या अखेरच्या वर्षांचाच होय. आमचे मत संग्रहालयाकडे झुकते. 1924 चा रंग 1961 च्या अंगावर चढविला असता तर असे एक इंजिन निर्माण झाले असते, जे तिच्या मूळच्या सेवाकाळात कोणत्याही वर्षी, कोणत्याही रुळांवर धावले नव्हते.

सरकारी कचेरीत दिवस घालविणाऱ्या आम्हां मंडळींस ह्यात नवल वाटू नये. जुन्या दप्तरांत नकलेवर ‘अस्सलबरहुकूम’ असा शेरा असे. खाली सही आणि तारीख. नक्कल कितीही सुबक असो, शेरा व तारीख नसेल तर तिची किंमत शून्य. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने 1919 साली हाती घेऊन 1966 साली पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्यांनी चाळली असेल त्यांस हाच विवेक मोठ्या प्रमाणावर दिसेल. तेथे संपादकांनी एक पाठ स्वीकारला. पण नाकारलेले पाठ फेकून दिले नाहीत. ते पानाच्या तळाशी राहिले, कोणत्या पोथीत काय आहे ह्याच्या नोंदीसह. इंजिनाच्या अंगावर मात्र तळटीप देता येत नाही. एक थर दिला की खालचे सारे पाठ बुजले. म्हणूनच रंग निवडणाऱ्याची जबाबदारी ग्रंथसंपादकाहून अधिक आहे, कमी नाही.

आता आपल्या राणीकडे वळू. 1 जून 1930 रोजी जी.आय.पी. रेल्वेने मुंबई व पुणे ह्यांच्या दरम्यान डेक्कन क्वीन सुरू केली तेव्हा तिच्याकरिता सात-सात डब्यांचे दोन संच होते. डब्यांचे सांगाडे इंग्लंडात तयार झाले, वरची कामे माटुंग्याच्या कारखान्यात झाली. ह्यांतील एक संच रुपेरी, त्यावर किरमिजी पट्ट्या. दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेघा. म्हणजे आरंभीच पाठभेद! 1955 साली तिला तिसरा वर्ग जोडला गेला, 1966 साली पेरांबूरचे पोलादी डबे आले, सातांचे बारा झाले. आज चाळिशी-पन्नाशीत असलेला मुंबई-पुण्याचा माणूस ‘जुना रंग’ म्हणतो तो निळा-पांढरा. 22 जून 2022 पासून तिला नव्या बांधणीचे डबे मिळाले आणि त्यांचा रंग हिरवा-तांबडा ठरला, तेव्हा ह्याच निळ्या-पांढऱ्यासाठी रेल्वेप्रेमी हळहळले. रुपेरी-किरमिजी संचासाठी कोणी गळा काढल्याचे आमच्या तरी कानी आले नाही. तो ज्यांनी पाहिला ते आता बोलावयास राहिलेले नाहीत.

ह्यावरून एक गोष्ट उघड होते. रसिक ज्याला ऐतिहासिक रंग म्हणतो तो बहुधा त्याच्या स्वतःच्या विशीतला रंग असतो. हा उपहास नव्हे. ज्या रंगाची गाडी पाहून एखाद्याने पहिल्या नोकरीच्या ठिकाणी पाऊल ठेवले, त्या रंगाचा त्याला लळा लागणार. पण लळ्यास इतिहास म्हणू नये, इतकेच.

दिल्लीस असलेल्या वा कामानिमित्त तेथे जाणाऱ्या वाचकांनी चाणक्यपुरीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जावे. डेक्कन क्वीनला ज्या जातीची विजेची इंजिने आरंभीच्या काळात ओढीत, त्यांतील एक तेथे उभे आहे. त्याचे नाव ‘सर रॉजर लम्ली’. आता, इंजिनाची ही जात जी.आय.पी.च्या घाटमार्गाचे विद्युतीकरण झाले त्या सुमाराची, म्हणजे 1930 च्या आगेमागेची. आणि लम्लीसाहेब मुंबईचे गव्हर्नर झाले 1937 साली. अर्थात गव्हर्नरचे हे नाव अंगावर असलेले इंजिन डेक्कन क्वीनच्या पहिल्या दिवसाचे चित्र म्हणून घेता येत नाही. त्याच संग्रहालयात घाटात मालगाड्या ओढणारे, लोकांनी ‘खेकडा’ म्हणून ओळखलेले इंजिन आहे. त्याला नाव आहे सर लेस्ली विल्सन ह्यांचे. ते 1923 ते 1928 गव्हर्नर होते आणि 3 फेब्रुवारी 1925 रोजी मुंबई-कुर्ला ही भारतातील पहिली विजेची गाडी त्यांच्याच हस्ते सुरू झाली. नावाची पाटी ही अशी नकळत तारीख सांगून जाते. रंग मात्र मुका असतो. उघड्यावर, उन्हापावसात उभ्या असलेल्या यंत्रास तो पुनःपुन्हा द्यावाच लागतो, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी, कोठेतरी, कोणते तरी वर्ष निवडीत असतो. ते वर्ष कोणते हे पाहणाऱ्यास सांगावे, एवढीच आमची अपेक्षा.

ह्याच्या पलीकडची पायरी म्हणजे सोंग. 31 ऑक्टोबर 2023 रोजी गुजरातेत एकता नगर ते अहमदाबाद अशी एक वारसा-गाडी सुरू झाली. तिच्या विजेच्या इंजिनास वाफेच्या इंजिनाचे रूप दिलेले आहे. मुलांना ते आवडते, त्यात गैर काही नाही. नाटकात राजाचा मुकुट पुठ्ठ्याचा असतो हे आपण चालवून घेतोच. परंतु मुकुट पुठ्ठ्याचा आहे हे प्रेक्षकास ठाऊक असते. वारसा ह्या शब्दाखाली तो सोन्याचा म्हणून मिरवू लागला की रसिकाने हात वर करावा. ह्या बाबतीत रेल्वेप्रेमींची कुरकुर, कित्येकदा कर्कश असली तरी, आम्हांस मोलाची वाटते. रंगाच्या एका छटेवरून तासन्‌तास भांडणाऱ्यांची थट्टा सोपी आहे. पण भांडणारे संपले की पुठ्ठा आणि सोने ह्यांत फरक करणारा कोणी उरत नाही.

एवढे सारे लिहिल्यावर एक कबुली देणे भाग आहे. 2023 च्या उन्हाळी रजेत आम्ही पुण्यास गेलो होतो. स्थानकावर हिरवी-तांबडी राणी प्रथमच पाहिली आणि आम्हांस रागच आला. वडील बरोबर होते. ह्याच गाडीने त्यांनी पास काढून वर्षानुवर्षे मुंबईची नोकरी केली. आम्ही तावातावाने बोलत होतो. ते घड्याळ पाहून म्हणाले, “वेळेवर आली की रे!” आणि पिशवी उचलून डब्यात चढले.

जो तेथेच राहिला त्याच्या डोळ्यांदेखत गाडी दहा वेळा बदलली, आणि दर वेळी ती त्याची गाडीच राहिली. जो दूर गेला त्याच्या मनात ती एका रंगात थिजली. मुल्लानपुरात, अंबाल्यात, दिल्लीत आपण मंडळी जे पुणे, जे नागपूर, जे कोल्हापूर जपून आहोत ते आपण निघालो त्या वर्षीचे आहे. गणेशोत्सवातली आपली गाणी त्या वर्षीची, आपली नाटके त्या वर्षीची, मुलांना शिकवितो ती मराठीही त्या वर्षीची. रजेवर गेलो की तेथील नव्या रंगावर आपण रागावतो आणि परत येऊन आपल्या घरातल्या भिंतीवर जुना रंग अधिक जाड चढवितो.

हे जपणे सोडावे असे आम्ही म्हणणार नाही. परमुलखात ते सोडले तर मुलांच्या हाती काहीच उरणार नाही. परंतु ‘हाच महाराष्ट्राचा खरा रंग’ असे त्यांस सांगण्याऐवजी ‘हा आमच्या वेळचा, अमुक सालचा रंग’ असे सांगावे. मूळ आजही धावते आहे, आणि मुले कधीतरी जाऊन ते पाहणारच आहेत. यॉर्कच्या संग्रहालयाने एका इंजिनाच्या बाबतीत जेवढा प्रामाणिकपणा दाखविला तेवढा आपणांस जड जाऊ नये. नक्कल अवश्य करावी. खाली सही करावी, आणि तारीख घालण्यास विसरू नये.