चित्रीकरणातील शस्त्र आणि उत्तरदायित्व

भरताच्या नाट्यशास्त्रात आहार्याभिनयाचे विवेचन करताना रंगभूमीवरील शस्त्रांविषयी जे नियम दिले आहेत, त्यांच्याकडे चित्रपटाच्या अभ्यासकांनी पुन्हा एकवार वळणे इष्ट आहे. शस्त्रे बांबू, गवत, लाख अशा हलक्या द्रव्यांची करावीत. रंगावर शस्त्र सोडू नये, त्याने कोणाचा छेद वा भेद करू नये, फार तर स्पर्श करावा अथवा संज्ञेने प्रहार सुचवावा, असे तेथे म्हटले आहे. अलंकारही जड नसावेत, कारण त्यांच्या भाराने नट थकतो, त्यास मूर्च्छा येते, प्रसंगी प्राणावर बेतते. नटाच्या देहाची काळजी हा शास्त्रकाराच्या दृष्टीने अभिनयविचाराचाच एक भाग होता. चित्रपटसमीक्षेने तो व्यवस्थापकांच्या खात्यावर टाकून दिला आहे.

त्याचा परिणाम काय होतो, हे २१ ऑक्टोबर २०२१ रोजी अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात ‘रस्ट’ या चित्रपटाच्या सरावात दिसून आले. अभिनेते अ‍ॅलेक बाल्डविन यांच्या हातातील रिव्हॉल्वरमधून खरी गोळी सुटली. छायालेखिका हलिना हचिन्स मृत्युमुखी पडल्या व दिग्दर्शक जोएल सूझा जखमी झाले. शस्त्र रिकामे आहे, अशी ग्वाही सेटवर आधीच दिली गेली होती. पुढे शस्त्रांची देखभाल करणाऱ्या तरुणीस २०२४ मध्ये अठरा महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली. साहाय्यक दिग्दर्शकाने २०२३ मध्ये आरोपास विरोध न करता सहा महिन्यांची परिवीक्षा पत्करली. बाल्डविन यांच्यावरील खटला जुलै २०२४ मध्ये, सरकारपक्षाने पुरावा दडविल्याच्या कारणावरून, न्यायाधीशांनी कायमचा निकाली काढला. वृत्तपत्रांतील चर्चा प्रायः एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली: घोडा कोणी ओढला?

हा प्रश्न फौजदारी न्यायालयास आवश्यक असेल. समीक्षकास तो अपुरा आहे. न्यू मेक्सिकोच्या कामगार सुरक्षा खात्याने एप्रिल २०२२ मध्ये वेगळाच प्रश्न विचारला. सेटवर याआधीही बंदुका अनवधानाने उडाल्या होत्या, व्यवस्थापनास त्याची कल्पना होती, आणि तरीही काम थांबविले गेले नाही. शस्त्रे सांभाळणाऱ्या तरुणीकडेच रंगसामानाच्या साहाय्यकाचेही काम सोपविलेले होते. खात्याने निर्मितीसंस्थेस १,३६,७९३ डॉलर दंड सुनावला. पुढे तो तडजोडीत कमी झाला. रक्कम क्षुल्लक आहे, पण बोट योग्य ठिकाणी ठेवले गेले. १९९३ साली ‘द क्रो’च्या चित्रीकरणात ब्रँडन ली यांचा बळी गेला तेव्हाही असेच घडले होते. नकली काडतुसातील शिशाचा तुकडा नळीत अडकून राहिला होता. कोऱ्या काडतुसाच्या दाबाने तो बाहेर पडला. नळी तपासण्याचे काम कोणाचे, हा प्रश्न तेथेही मृत्यूनंतरच उपस्थित झाला.

इचलकरंजीसारख्या गावातील वाचकास हे सारे परके वाटू नये. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग बसविला, तेव्हापासून हे गाव यंत्राच्या वेगाशी संसार करीत आले आहे. मागावरून उसळलेला धोटा एखाद्या कामगाराच्या डोळ्यास लागला, तर अडाणी माणूसही केवळ धोट्यास दोष देत नाही. जॉबरने माग कसा लावला होता, धोट्यावरची जाळी कोणी काढली आणि ती काढल्याने उत्पादन वाढते म्हणून कोणी डोळेझाक केली, हे तो विचारतो. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने याच लौकिक शहाणपणास ‘भोगवटादार’ या संकल्पनेत बांधले: कारखान्याच्या कारभारावर ज्याचे अंतिम नियंत्रण, त्याच्यावर सुरक्षिततेची जबाबदारी. अर्थात व्यापाऱ्याचे सूत, खर्चीवाल्याचा माग आणि तिसऱ्याच माणसाचा हात अशी वाटणी झाली की हे उत्तरदायित्व कसे विरघळते, हेही या गावास सांगावयास नको. चित्रपटाची निर्मिती या खर्चीपद्धतीचेच मोठे रूप आहे. निर्माता, कार्यकारी निर्माता, कंत्राटदार, उपकंत्राटदार अशी साखळी लांबत जाते आणि बंदूक, घोडा वा दोर ज्याच्या हाती येतो, तो शेवटचा व बहुधा सर्वांत कमी वेतनाचा मनुष्य असतो.

आपल्याकडील प्रसंगात बंदूक नव्हती. मार्च २०२३ मध्ये पन्हाळगडावर ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ या चित्रपटाचे चित्रीकरण चालू असताना, घोड्यांची देखभाल करणारा एकोणीस वर्षांचा तरुण रात्रीच्या वेळी तटावरून खाली पडला व पुढे उपचार चालू असताना मरण पावला. घटनेच्या दोषादोषाचा निर्णय येथे करावयाचा नाही. परंतु बाबूराव पेंटरांच्या ‘सिंहगड’पासून (१९२३) भालजी पेंढारकरांच्या ‘छत्रपति शिवाजी’पर्यंत (१९५२) कोल्हापूरने ज्या ऐतिहासिक चित्रपटाची परंपरा घडविली, तीत तलवार, घोडा, कडा व तोफ हे नित्याचे साहित्य आहे. त्या परंपरेवर लिहिताना आम्ही वेशभूषा तपासतो, संवादांची भाषा तपासतो. घोडे रात्री कोठे बांधले होते, हे मात्र विचारीत नाही.

येथे वास्तववादाचा मुद्दा उपस्थित होतो. खऱ्या शस्त्रास वजन असते, त्याचा धक्का नटाच्या खांद्यास जाणवतो आणि तो चेहऱ्यावर उमटतो, असा युक्तिवाद केला जातो. तो अगदीच पोकळ नाही. तथापि पडद्यावर दिसतो तो धक्क्याचा आविष्कार, आणि आविष्कार हे नटाचे कर्म आहे. नळीतील जाळ आता संगणकाच्या साहाय्याने नंतर घालता येतो, आवाज तर पूर्वीपासूनच ध्वनिमुद्रणात निराळा दिला जात असे. मग खरी बंदूक आणली जाते ती कलेच्या गरजेपोटी, की वेळ व पैसा वाचविण्यासाठी? ‘अस्सलपणा’ हा शब्द परीक्षणात सढळ हाताने वापरणाऱ्या समीक्षकाने याचे उत्तर दिले पाहिजे, कारण त्याची स्तुती हीदेखील निर्मात्याच्या हिशेबातील एक बाब असते.

‘रस्ट’ पुढे पूर्ण होऊन २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. हचिन्स यांचे पती तडजोडीनुसार त्याचे कार्यकारी निर्माते झाले. आपल्याकडे १९८१ च्या चित्रपट कामगारविषयक कायद्याने निर्माता व कामगार यांच्यात लेखी करार आवश्यक केला, आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ती तरतूद दृक्‌श्राव्य कामगारांसाठी सामावून घेतली. मराठी ऐतिहासिक चित्रपटावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी पटकथेबरोबर ही करारपत्रेही मिळविण्याचा यत्न करावा. शस्त्रे, घोडे व उंचावरील कामे यांच्या संदर्भात त्यांत कोणाचे नाव लिहिले जाते, येथून अभ्यासास आरंभ करता येईल.