सभासदाच्या बखरीतील बक्षिसांची याद

मराठी बखरींचे परीक्षण बहुधा दोन रीतींनी होते. इतिहाससंशोधक त्यांतील कालविपर्यास दाखवितात. वाङ्मयाचे अभ्यासक वीररसाचे उतारे निवडतात. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीतील एक लहानसा भाग या दोन्ही चाळण्यांतून निसटला आहे. नोव्हेंबर 1659 मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाच्या फौजेचा मोड झाला. त्यानंतर शिवाजीमहाराजांनी आपल्या लोकांचा जो गौरव केला, त्याची ही नोंद होय.

घाट व कोकण यांच्या सीमेवरील हा किल्ला तेव्हा नवा होता. जावळी ताब्यात येऊन चार वर्षेही झाली नव्हती. अशा विजयानंतर एखाद्या दरबाराचे थाटाचे वर्णन येईल, अशी वाचकाची अपेक्षा असते. सभासद ते करीत नाही. तो याद लिहितो. प्रथम मृतांची मुले सेवेत घेऊन चालविल्याचे सांगतो. ज्यांना पुत्र नाही त्यांच्या विधवांस निमे वेतन. मग जखमींस जखमेच्या मानाने पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत रक्कम. हत्ती, घोडे, कडी, मोत्यांचे तुरे आणि काहींना गावे, हा नामांकितांचा मान शेवटी येतो.

या क्रमातच लेखकाची दृष्टी आहे. मेलेला शिपाई आधी, मग जखमी, मग नावाजलेला. विशेषणांची उधळण नाही, भाषणही नाही; क्रियापदे आखूड आणि आकडे रोखठोक. उत्तरकालीन बखरकारांचा अलंकारसोस येथे असता, तर निमे वेतनाची ही नोंद शब्दांच्या गर्दीत हरवली असती. दप्तरी गद्यालाही करुणा पेलता येते, हे यावरून दिसते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. घटनेनंतर तीन दशकांहून अधिक काळाने, राजारामांच्या आज्ञेने, म्हणजे पुत्रासाठी पित्याचे चरित्र लिहिताना आदर्शीकरण होणारच. पण ही बखर जिंजीत लिहिली गेली, हे विसरता कामा नये. 1690 पासून मोगलांचा वेढा होता. किल्ला पडला तो 1698 मध्ये. पैशाची ओढ होती, आणि सरदार टिकविण्यासाठी वतनांची व इनामांची आश्वासने दिली जात होती. 1691 मध्ये हणमंतराव घोरपडे यांना दिलेल्या पत्रात तर दिल्ली घेण्याबद्दलचेही बक्षीस ठरविलेले आहे. जिंजीत बक्षीस पराक्रमाच्या आधी कागदावर उतरत होते. सभासद सांगतो ते पराक्रमानंतर, जखम पाहून, हातावर ठेवलेले. हा विरोध त्याने मुद्दाम योजला असे सिद्ध करता येणार नाही. परंतु वेढ्यातील राजाला ही याद वाचताना तो जाणवला नसेल, असे मानणे कठीण आहे. स्तुतीच्या आवरणाखालचा तो सल्ला असावा.

2025 साली युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांत प्रतापगड आहे आणि महाराष्ट्राबाहेरचा एकमेव जिंजीही आहे. गुम्मिडिपूंडीसारख्या, तमिळनाडू आंध्रला भिडतो तेथे नेमणुकीवर असलेल्या मराठी माणसाला जिंजी काही फार दूर नाही. तेथील राजगिरी चढताना वीरश्री आठवणे सोपे आहे. त्याबरोबर हेही आठवावे की मुलखापासून शेकडो कोस दूर, याच गडावर एका दरबारी कारकुनी लेखणीने निपुत्रिक विधवेचे निमे वेतन मराठी वाङ्मयात नोंदवून ठेवले.